वरचे चार हजार

फ्रेजरपुऱ्यातल्या सहदेव खंडाऱ्याला गाडीबद्दल काही विचारलं, की तो लगेच उत्तर देत नसे. आधी विचारणाऱ्याकडे बघायचा, मग गाडीकडे, आणि मग पुन्हा विचारणाऱ्याकडे. त्यानंतर वाकून चाकाखाली डोकं घालायचा. अमरावतीत मोटारींचं काम जाणणारी माणसं त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांच्यात सहदेव सगळ्यांत संशयी म्हणून ओळखला जाई.

त्याचं कारणही होतं. वलगावात जन्मलेला, चौथीपर्यंत शिकलेला सहदेव लढाईच्या काळात फौजेत गेला आणि तिथं ट्रक चालवायला, उघडायला आणि परत जोडायला शिकला. मणिपूरच्या डोंगरात त्याच्या डोळ्यांदेखत एक ट्रक दरीत गेला. त्या ट्रकच्या काचेवर ‘ब्रेक तपासले’ अशी चिठ्ठी होती. चिठ्ठीवर सही होती, शिक्का होता. तेव्हापासून कागदावर त्याचा विश्वास उरला नाही. माणसांचं म्हणाल, तर तोंडभर गोड बोलून वेगळ्या कपात चहा देणारे लोक तो लहानपणापासून पाहत आला होता. कुणी फारच गोड बोलायला लागलं की त्याचे कान उभे राहत. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यानं आणि पंचफुलानं दीक्षा घेतली. “यायनं घरातले देव सोडले, पन शंका नाही सोडली,” असं पंचफुला शेजारणींना सांगायची.

सहदेव वामनराव बोंड्यांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. वामनराव म्हणजे संत्र्यांचे मोठे व्यापारी. अठ्ठेचाळीस साली त्यांनी मुंबईहून आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी आणली. गडद हिरवा रंग, बैलगाडीच्या दुप्पट लांबी, आणि इंजिन असं की सुरू केलं की मोटारखान्याच्या पत्र्यावरची चिमणी उडून जावी. वामनरावांना वेगाचं वेड होतं. अमरावतीहून निघून सव्वा तासात अकोल्याला पोचायचं आणि तिथल्या व्यापाऱ्यांना घड्याळ दाखवायचं, यात त्यांना संत्र्याच्या भावापेक्षा जास्त आनंद मिळे. गॅलनभर पेट्रोलमध्ये गाडी जेमतेम अकरा मैल जायची. वामनराव म्हणायचे, “सहदेव, खाते तशी धावते न!”

सत्तावन्नच्या हिवाळ्यात वामनराव हृदयविकारानं गेले. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. मूलबाळ नव्हतं. संत्र्याचा धंदा बाईंचे धाकटे भाऊ शेषराव बघू लागले. गाडी मोटारखान्यात उभी राहिली. बाईंनी सहदेवला अर्ध्या पगारावर, महिना चाळीस रुपयांवर ठेवलं. रोज सकाळी यायचं, गाडी पुसायची, आठवड्यातून दोनदा सुरू करायची. उरलेल्या वेळात तो बडनेरा रस्त्यावरच्या एका गॅरेजात काम करी.

पहिल्या वर्षी गाडीला गिऱ्हाईकच नव्हतं. दर्यापूरचा एक कापसाच्या जिनचा मालक आला आणि तीन हजार म्हणाला. “बाई, हे गाडी नाही, पेट्रोलची विहीर हाये,” असं सांगून चहा पिऊन निघून गेला. मग हळूहळू वारं फिरलं. परदेशी गाड्या देशात येणं बंद झालं होतं. लोकांना कळलं, की आहेत त्याच गाड्या, नवीन काही यायच्या नाहीत. साठ सालच्या सुरुवातीला अशा गाडीला साडेचार-पाच हजार येतात, असं गॅरेजात बोललं जाऊ लागलं. सहदेवनं मनाशी हिशेब केला. टायर अर्धे गेलेले, सुटे भाग मिळत नाहीत, पण इंजिन ठणठणीत. पाच हजार ही या गाडीची खरी किंमत. वर एक रुपया नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात अकोल्याहून ओमप्रकाश आला.

ओमप्रकाश म्हणजे जुन्या गाड्यांचा दलाल. पांढरे स्वच्छ कपडे, पायात करकर वाजणारे बूट, बोलणं अर्धं हिंदी अर्धं वऱ्हाडी. त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला, वामनरावांच्या तसबिरीला हात जोडले आणि म्हणाला, “बाईजी, पाच हजार. आपली जुबान.”

बाई विचार करते म्हणाल्या. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, आपणहून साडेसहा हजार म्हणाला. बाईंनी काही मागितलं नव्हतं. जुलैत आठ झाले, पोळ्याच्या आधी नऊ.

शेषराव हरखून गेले. “अक्का, देऊन टाक. नऊ हजारांत दोन एकर बाग येते.”

बाईंनाही मोह पडला होता. पण सहदेवचे कान उभे राहिले. घासाघीस करताना गिऱ्हाईक किंमत पाडतं. हा माणूस समोरच्यानं तोंड उघडण्याआधीच किंमत चढवत होता. गाडी पाच हजारांची. मग वरचे चार हजार कशाचे?

नऊ हजारांचा आकडा सांगून झाल्यावर ओमप्रकाश गाडी चालवून बघतो म्हणाला. बरोबर एक गप्प माणूस आणला होता. सहदेवनं गाडी वलगाव रस्त्यावर काढली. नेहमीचं गिऱ्हाईक विचारतं, की पेट्रोल किती खाते, टायर किती चालतील, रंग कधी दिला. या दोघांनी यातलं काही विचारलं नाही. ओमप्रकाशनं विचारलं, “घाट में दम कितना धरती है? मागं सहा-सात मण वजन असलं तर?”

“वजन कशाचं?” सहदेवनं विचारलं.

“शादीब्याह का सामान. लग्नासाठी भाड्यानं देणार हाय ना.”

तो गप्प माणूस मात्र खाली उतरला, डिकी उघडली आणि वितीनं मोजली. मग मागची सीट हातानं हलवून पाहिली. “ही निघते का?” एवढंच तो बोलला.

लग्नाच्या गाडीची सीट काढून वऱ्हाडी बसवायचे कुठं, असा प्रश्न सहदेवच्या ओठावर आला, पण त्यानं तो गिळला.

परत आल्यावर ओमप्रकाशनं त्याला फाटकापाशी बाजूला घेतलं. “सहदेवभाऊ, गाडीसोबत ड्रायव्हरबी पाहिजे मले. ही गाडी तुमच्यासारखं कोनी चालवू शकत नाही. दोनशे रुपये महिना. हे आपल्या दोघांतच राहू द्या.”

दोनशे रुपये! शाळामास्तरालासुद्धा एवढे मिळत नव्हते. सहदेव म्हणाला, “इचार करून सांगतो.” आणि त्याच वेळी त्याच्या मनात आलं, की आपण लगेच नाही का म्हटलं नाही?

त्याच संध्याकाळी बैठकीतून बोलणं ऐकू आलं. सहदेव अंगणात बादली धूत होता. शेषराव बाईंना समजावत होते, “पैसे रोख देते तो. नोंदनीचं पुस्तक फक्त सहा महिने तुह्या नावावर राहू द्या म्हनते. काहीतरी कराची अडचन हाये त्याची. आपलं काय जाते त्याच्यात?”

सहदेवच्या हातातली बादली थांबली. पैसे त्याचे, गाडी त्याची आणि नाव बाईंचं.

तीन रात्री तळमळून काढल्यावर त्यानं पंचफुलाला सगळं सांगितलं, दोनशे रुपयांसकट. पंचफुला भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“दोनशे म्हंजे शालू मॅट्रिकपर्यंत शिकते,” ती म्हणाली.

“हो न.”

“मंग तुमाले झोप काहून नाही येऊन राहिली? तीन दिवसांपासून पाहून राहिली मी.”

“ते लोक काय वाहणार हायेत, ते समजून नाही राहिलं.”

पंचफुलानं भाकरी तव्यावर टाकली. “समजून घ्या मंग. इथं बसून कसं समजते?”

रविवारी सकाळी सहदेव एसटीनं अकोल्याला गेला. ओमप्रकाशचा पत्ता त्याच्याकडे होताच. मूर्तिजापूर रस्त्याला, एका बंद पडलेल्या जिनच्या मागं, टिनाच्या कुंपणाचं मोठं आवार होतं. ओमप्रकाश कुठंतरी बाहेर गेला होता. “नोकरीचं बोलायले आलो,” असं सांगून सहदेव आत शिरला आणि एका खोक्यावर बसून राहिला.

आवारात एक काळी मोटार उभी होती. तिची मागची सीट भिंतीला टेकून ठेवलेली होती आणि तिच्यावर दोन कोंबड्या बसल्या होत्या. सहदेव उठला, चप्पल दुरुस्त करायचं निमित्त करून खाली वाकला आणि मोटारीच्या मागच्या चाकांकडे पाहिलं. कमानीला तीन पाटे जादा घातले होते. जड वजन पेलायला एवढे पाटे ट्रकला घालतात. पलीकडे तारेवर ट्रकच्या ट्यूबा वाळत घातल्या होत्या, दहा-बारा तरी असतील. एक बाई त्यातली एक ट्यूब पाण्यानं खळखळून धूत होती. हवा भरायच्या ट्यूबा आतून कोण धुतं? वारा इकडे वळला आणि सहदेवच्या नाकाला वास आला. मोहाचा वास होता तो.

त्याला सगळं एकदम उमगलं. वऱ्हाडात दारूबंदी. सरहद्दीपलीकडून मेळघाटातून दारू यायची, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. ट्यूबांत भरायची, सीट काढून तिथं रचायची आणि घाटातून पळवायची. पोलिसांच्या जीपला पन्नास मैलांच्या वर धाप लागे. बोंड्यांची गाडी वजन घेऊनही सत्तरनं गेली असती. त्या वेगाचे वरचे चार हजार होते. आणि गाडी पकडली गेलीच, तर पुस्तकावर नाव कुणाचं? मनकर्णाबाईंचं.

तो बाहेर पडला आणि समोरच्या टपरीवर चहा घेतला. ती काळी मोटार कुणाची, असं त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. चहावाल्यानं आधी आवाराकडे पाहिलं, मग आवाज खाली घेतला. “बाळापूरच्या पार्बताबाईची. कापडदुकानवाले वारले न, त्यांची इधवा. बिचारी कोर्टात येते तारखेवर. इथंच चहा पिते.”

सोमवारी सकाळी सहदेव बाईंपुढे उभा राहिला. शेषरावही होते. त्यानं पाहिलेलं सगळं एकापाठोपाठ एक सांगितलं. बोलणं पुरं व्हायच्या आतच शेषराव उसळले.

“अक्का, हा काल तिथं काय करत होता, ते इचार ना आधी! नोकरी मांगायले गेला होता. दोनशे रुपये महिन्याची. आता भाव वाढवून घ्याले तुले भेव दाखवून राहिला. गाडी इकली तर याचे चाळीस रुपये जातात, तेबी हायेच.”

सहदेवच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण बोलायच्या आधी त्याच्या डोक्यात दुसरंच काही चमकलं. तो शेषरावांकडे पाहत राहिला.

“भाऊसाहेब, दोनशेचं बोलनं फाटकापाशी आमा दोघांत झालं होतं. तुमाले कसं मालूम?”

शेषराव म्हणाले, “ओमप्रकाशच बोलला.”

“कवा भेटले तुमी त्याले?”

“तू मले इचारणारा कोन रे?”

मनकर्णाबाई दोघांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कुणावर किती विश्वास आहे, ते समजायला मार्ग नव्हता. सहदेवला वाटलं, आता आपल्याला जायला सांगतील. बाई उठल्या, आतून शाल घेऊन आल्या.

“सहदेव, गाडी काढ. बाळापूरले मी सोता जाते.”

“अक्का, मी येतो,” शेषराव म्हणाले.

“तू घरी राह्य.”

गाडी बडनेऱ्यावरून पुढं गेली. बाई मागच्या सीटवर सरळ बसल्या होत्या. दोन्ही बाजूंना काळ्या मातीत कपाशीची पराटी गुडघ्याएवढी वाढली होती. मूर्तिजापूर मागं पडलं तसा रस्ता सरळ झाला.

“दोनशे देऊन राहिला होता न तो तुले?” बाईंनी मागून विचारलं.

“हो, बाई.”

“नाही काहून म्हटलं मंग?”

सहदेवनं रस्त्यावरची नजर काढली नाही. “नाही म्हटलं नाही मी अजून. इचार करतो म्हटलं होतं.”

आरशात त्याला बाईंचा चेहरा दिसला. त्या त्याच्याकडेच बघत होत्या. खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं का, हे त्याला कळेना.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “हे किती पळवत होते इला?”

“सत्तर. कधी ऐंशी.”

“मी बसली की चाळीसच्या वर नाही नेत होते. पळव.”

सहदेवनं रस्ता पाहिला. लांबवर एक बैलगाडी होती, तीही शेताकडे वळत होती. त्यानं पाय दाबला. गाडीनं एक खोल श्वास घ्यावा तसं झालं आणि आठही सिलिंडर एका आवाजात बोलायला लागले. काटा पन्नासवरून साठवर गेला, सत्तरवर गेला. बाभळी एकमेकींत मिसळल्या. बाईंच्या डोक्यावरचा पदर खाली आला. त्यांनी तो सावरला नाही, पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. बोरगावची पहिली घरं दिसल्यावर सहदेवनं वेग कमी केला.

बाईंनी पदर पुन्हा डोक्यावर घेतला. मग म्हणाल्या, “बारा वर्षं घरात होती गाडी. मले वाटे, मानूस येडा झाला पेट्रोल जाळून. आज समजलं.” आणि थोडं थांबून, “चांगली हाये. पन नऊ हजारांची नाही.”

बाळापुरात पार्बताबाईंचं घर किल्ल्याच्या बाजूला एका गल्लीत होतं. एवढी मोठी गाडी गल्लीत शिरली तशी घरांची दारं उघडली. पार्बताबाईंचं मात्र बंद झालं. सहदेवनं कडी वाजवली. खिडकीची फळी बोटभर सरकली.

“कोर्टातून आले का?”

“नाही, बाई. अमरावतीहून.”

“अकोल्याच्या त्या मुडद्यानं धाडलं असंन! काही सही करत नाही मी आता. जा!”

मनकर्णाबाई पुढं आल्या. “पार्बताबाई, माहे मालक वारले. माही गाडी तो मागून राहिला. मले फक्त इचाराचं हाये.”

आतला आवाज खाली आला. “तुमची कोनती गाडी?”

“हे काय, उभी हाये.”

फळी आणखी सरकली. एक डोळा गाडीवरून फिरला. “किती देऊन राहिला?”

“नऊ.”

“बापा!” आतून आवाज आला, आणि दार उघडलं.

पार्बताबाई साठीच्या होत्या, काटकुळ्या, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली. त्यांनी बसायला घोंगडी टाकली, पण कागद लगेच दाखवले नाहीत. तुमचं गाव कोणतं, माहेर कुठलं, मालक कशानं गेले, असं सगळं विचारून घेतलं. मनकर्णाबाईंचं माहेर तेल्हाऱ्याजवळचं निघालं, तिथं पार्बताबाईंची बहीण दिलेली होती. तेव्हा कुठं त्या उठल्या आणि पिठाच्या डब्यातून एक गुंडाळी काढून आणली. कागदांना ज्वारीचं पीठ लागलं होतं. सगळी कोर्टाची बोलावणी.

“माही गाडी तीन हजारांची. त्यानं सहा देले. मी म्हटलं, चांगला मानूस हाये, इधवेची दया आली त्याले. पुस्तक सहा महिने तुमच्या नावावर ठेवा म्हने. चार महिन्यांत परतवाड्यापाशी धरली पोलिसांनी. ड्रायव्हर पळाला. मंग पोलीस इथं आले, या घोंगडीवर बसले. गाडी कोनाची? पार्बताबाईची. मी सांगतलं न, इकली म्हनून. कागद दाखवा म्हने. कागद कुठं होता?”

“पन गाडी तर अकोल्यात त्याच्याच आवारात उभी हाये,” सहदेव म्हणाला.

“कोर्टानं माह्या जामिनावर सोडली. सोडवायले वकील त्यानंच देल्ला, गाडी त्यानंच नेली. आणि तारखा माह्या. आठ वेळा अकोल्याले गेली मी, बापू. लोक मले दारूवाली म्हनतात आता.”

एवढं बोलून पार्बताबाईंनी कागद पुन्हा गुंडाळले. मनकर्णाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. निघताना मनकर्णाबाई म्हणाल्या, “आमच्या यांचे एक वकील मित्र हायेत अकोल्यात. त्यांच्याकडे तुमाले घेऊन जातो आमी. आज.” आणि त्या दुपारी त्या दोघी मागच्या सीटवर बसून अकोल्याला गेल्या. वकिलांनी कागद वाचले, आणि पार्बताबाईंचा जबाब नव्यानं लिहून घेतला. त्यातून पुढं वर्षभरानं त्यांचं नाव सुटलं.

गुरुवारी ओमप्रकाश आला. नऊ हजार रुमालात बांधून आणले होते. शेषराव त्याच्या शेजारी बसले. सहदेव दारात उभा राहिला.

“पैसे बरोबर हायेत,” बाई म्हणाल्या. “आता उठा. आधी कचेरीत जाऊ, पुस्तक तुमच्या नावावर करू. मंग पैसे घेते, मंग चावी देते.”

ओमप्रकाश हसला. “बाईजी, ते तर शेषरावांशी बोलून झालं होतं ना. सहा महिन्यांनी. त्याचा वेगळा हिसाबही ठरला होता.”

शेषरावांनी मान खाली घातली. बाईंनी भावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आजच,” त्या म्हणाल्या.

“चलो, दहा देतो.”

“आता दहा काहून? गाडी तर कालचीच हाये.”

ओमप्रकाशनं रुमाल उचलला. दाराशी आल्यावर तो सहदेवपाशी थांबला आणि अगदी हळू, पहिल्यासारखंच गोड बोलला, “सहदेवभाऊ, गाडी जपून ठेवा. अशा गाड्या चोरीबी जातात.”

त्या दिवसापासून सहदेवची झोप आणखी उडाली. आठवड्याभरात मोटारखान्याच्या कुलपावर ओरखडे दिसले. फाटकासमोर एक अनोळखी सायकलवाला दोन दिवस उभा होता. तो सायकलवाला कदाचित भाजीवालाही असेल, पण सहदेवनं त्याला तसं मानलं नाही. त्यानं इंजिनातलं डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं आणि पिशवीत घालून घरी आणलं. ते नसलं की गाडी सुरूच होत नाही. पंचफुलानं ते झाकण डाळीच्या मडक्यामागं ठेवलं आणि शेजारणीनं विचारलं तर शालूच्या शाळेतलं सामान आहे असं सांगितलं. दोनशे रुपयांबद्दल ती एकदाच बोलली. “गेले तर गेले. पन तुमी मले इचारलं होतं, हे बरं केलं.”

शेषराव दिवाळीनंतर आपल्या गावी शेतीवर निघून गेले. बाई त्यांना काही बोलल्या नाहीत, की भांडल्या नाहीत. फक्त संत्र्याचे सगळे कागद त्यांनी आपल्याकडे घेतले आणि सही करण्याआधी एकेक अक्षर बोट ठेवून वाचू लागल्या. कागद आणणारा मुनीम ताटकळत उभा राही.

गाडी विकली गेली ती एकसष्टच्या मार्चात. नागपूरच्या गिरणीतले एक इंजिनिअर आले होते. त्यांनी गाडीखाली आडवं होऊन पाहिलं, टायरचं रबर नखानं दाबलं, पेट्रोल किती खाते म्हणून तीनदा विचारलं, आणि अकरा मैल हे उत्तर ऐकून कपाळाला हात लावला. चार हजारांपासून सुरुवात केली. पन्नास-पन्नास रुपयांनी वर चढत, मध्ये एकदा रुसून फाटकापर्यंत जाऊन परत येत, चार हजार आठशेवर आले. सहदेवला तो माणूस पहिल्या अर्ध्या तासातच आवडला. इतकी घासाघीस करणारं गिऱ्हाईक गाडीच विकत घ्यायला आलेलं असतं, असं तो नंतर पंचफुलाला म्हणाला. पुस्तक त्याच दिवशी कचेरीत जाऊन बदललं. कारकुनानं नवं नाव लिहिलं तेव्हा सहदेवनं मान पुढं करून ते नाव दोनदा वाचलं. मग खिशातलं झाकण काढून इंजिनात बसवलं आणि चावी दिली.

गाडी गेली तसे त्याचे चाळीस रुपयेही गेले. त्याच उन्हाळ्यात एसटीला मेकॅनिक हवे होते. बाईंनी आपल्या हातानं शिफारसपत्र लिहून दिलं. त्यात एक ओळ अशी होती, की हा माणूस कुणावरही सहज विश्वास ठेवत नाही, म्हणून याच्या हाती गाडी द्यावी. डेपोच्या साहेबानं ती ओळ वाचून सहदेवकडे चष्म्यावरून पाहिलं आणि त्याला घेतलं. पगार एकशे दहा. शालू पुढं मॅट्रिक झाली.

बाईंकडे तो सणासुदीला जाऊन येई. बासष्ट सालच्या एका सकाळी बाईंनी त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला, आपणही समोर बसून घेतला. कप दोन्ही सारखेच होते. सहदेवनं पाहून घेतलं होतं.

“एक सांगू का?” बाई म्हणाल्या. “बाळापूरले गेलो, त्याच्या आदल्या दिवशी मी मोलकरणीले तुह्या घरी धाडलं होतं.”

“घरी? कशाले?”

“नवं काही घेतलं का पाहाले. सायकल, भांडे, लुगडं. तू रविवारी अकोल्याले गेला, हे ओमप्रकाशच्या फोनवरून शेषरावले समजलं, अन् त्यानं मले त्याच दिवशी सांगतलं होतं न.”

सहदेवनं कप खाली ठेवला. पंचफुलाकडे त्या रविवारी एक बाई गोवऱ्या आहेत का विचारायला आली होती आणि घरभर नजर फिरवून गेली होती, हे त्याला पंचफुलानं सांगितलं होतं. त्यानं ती बाई ओमप्रकाशची समजून आठवडाभर दाराला दुहेरी कडी लावली होती.

“मंग काय सांगतलं तिनं?”

“म्हने, जुनीच भांडी हायेत, पन घासलेली हायेत.”

सहदेवनं कप पुन्हा उचलला. राग यायला हवा होता, तो आला नाही.

“बाई, मलेबी एक सांगायचं हाये. त्या पुस्तकाचं बोलनं ऐकलं न मी, तवा मले वाटलं होतं का तुमाले सगळं मालूम हाये. तुमीबी त्याच्यात असान. म्हनून मी आधी अकोल्याले गेलो, तुमाले नाही सांगतलं.”

मनकर्णाबाईंनी आपला कप खाली ठेवला. मग त्यांना हसू आलं, पदर तोंडाला लावूनही आवरेना. सहदेवही हसला. हसता हसता बाई उठल्या आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.